छातीएवढं पाणी

प्रिय फालेसी,

उशीर झाला, त्याची माफी आधी मागून घेतो. तुझं पत्र आलं तेव्हा मक्याला तुरे येत होते. आता मका कणगीत पडला आणि म्वेरा वारा वाहायला लागला. पाच महिने झाले. तुला वाटलं असेल, पत्र पोचलंच नाही, नाहीतर बाबा मेला. पत्र बसच्या कंडक्टरने माझ्या हातात दिलं होतं. मी ते छपराच्या गवतात खोचून ठेवलं आणि रोज काढून वाचत होतो. तुला ठाऊकच आहे, माझी पत्रं शाळेचे मास्तर लिहून देतात. मी सांगतो, ते लिहितात, मध्येमध्ये आपल्या पदरचे चांगले शब्द घालतात. हे पत्र त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून स्वतःच लिहायला बसलो. माझी शाळा चार इयत्तांची, आणि तीही मिशनच्या आंब्याखालची. अक्षर लागलं नाही तर कुणाकडून वाचून घेऊ नकोस. सावकाश लाव, पण तूच लाव. पावसात भिजू देऊ नकोस, शाई कच्ची आहे.

तू एकच गोष्ट विचारली होतीस. लास्टनची काही खबर आहे का? सात वर्षं झाली. तो आमोन शिंपी तुला मागणी घालतोय. माणूस शांत आहे, पीत नाही, त्याची बायको वारून तीन वर्षं झाली. पण नवरा सरोवरापलीकडे मोझांबिकमध्ये जिवंत असताना दुसऱ्याचं घर कसं करायचं, आणि नाही म्हणावं तर कुणाची वाट बघत बसायचं? तू लिहिलंस, 'मी टाकलेली बायको आहे की वाट बघणारी, एवढं तरी मला कुणी सांगा.' हे वाक्य मला पाठ झालंय. खरं तर असल्या गोष्टी मामाला विचारायच्या. तुझं लग्न येसाया मामाने ठरवलं, मोडायचं तर त्यानेच मोडायचं. बापाला आपल्यात कोण विचारतं? तरी तू मला विचारलंस, कारण तो नाहीसा झाला त्या दिवशी लास्टनबरोबर पाण्यात मी होतो आणि त्याला शेवटचं पाहिलं ते मी.

आधी घरचं सांगतो, म्हणजे हात जरा सैल होईल. आईचा गुडघा सकाळी धरतो, उन्हात बसली की सुटतो. छपराचं गवत यंदा बदलायला हवं, पण चांगलं गवत विकायला नेतात आणि आपल्याला कुजकं राहतं. तांबड्या शेळीला दोन पिल्लं झाली, त्यातलं एक दूध ओढत नाही, त्याची मला काळजी लागून राहिलीय. तू दुपारचं जेवतेस ना? शाळेच्या पोरांना लापशी वाढणाऱ्या बायका स्वतः उपाशी राहतात असं ऐकतो. लिम्बेला थंडी फार, पायात काहीतरी घालत जा. सरोवर यंदा मागे गेलंय. वडाखालून निघालं की पाणी लागेपर्यंत चिलीम विझते. चिसी बेटाच्या होड्या अर्ध्या वाटेपर्यंत चिखलातून ढकलाव्या लागतात. मी अजून ट्रकच्या ट्यूबमध्ये बसूनच मासे धरायला जातो. होडी माझ्या नशिबात नव्हती. येसाया मामा मला बघितलं की म्हणायचा, "जावई, डबक्यातल्या म्हाताऱ्या बेडकासारखा दिसतोस." मी म्हणायचो, "बेडूक निदान कुणाच्या दारात राहत नाही." असं आमचं चालायचं. आता तो तसं बोलत नाही.

लास्टन आला तो दिवस तुला आठवतो का? डोंगराकडचा माणूस, चहाच्या मळ्यातला. ट्रकच्या ट्यूबमध्ये दोरीचं बसकण विणलेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं. बसला आणि तिथेच उलटा झाला, वर दोन पाय आणि खाली डोकं. बायका मासळी वाळत घालत होत्या, त्यांनी टोपल्या टाकल्या. तुझी मामी ओरडली, "फालेसीने नवरा आणलाय की चहाचं पोतं?" तो बाहेर आला, नाकातून पाणी काढलं आणि म्हणाला, "मामी, पोतं भिजलं की जड होतं, जरा हात द्या." त्या दिवसापासून किनाऱ्याने त्याला आपला म्हटलं. मी मात्र म्हटलं नाही. मी त्याला शिकवलं सगळं. हातात चपला घालून वल्ह्यासारखं पाणी कसं मारायचं, वेताचा खांब तळात रोवून ट्यूब कशी बांधायची, लांब दोरीला एकेक गळ कसा लटकवायचा. गळाला साबणाचे तुकडे लावताना त्याने विचारलं, "बाबा, मांगूर आंघोळ करतो का?" मी म्हणालो, "तुझ्यापेक्षा जास्त." तो हसला. मी हसवण्यासाठी बोललो नव्हतो. आणि दोन गोष्टी त्याला रोज घोकायला लावल्या. मांगूर वर घेतला की आधी त्याचे कल्ल्यामागचे काटे मोडायचे, तो काटा ट्यूबला लागला की संपलं. आणि सरोवर कितीही उथळ दिसलं तरी न पाहिलेल्या तळावर पाय टेकायचा नाही. वर पाणी छातीएवढं असतं, खाली चिखलाला अंत नसतो.

मी स्वतः इथे जावई म्हणून आलो त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. तुझ्या आजीने पहिली तीन वर्षं मला नावाने हाक मारली नाही. 'तो' म्हणायची. मासे कमी आणले की ताटात मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा लहान व्हायचा. बायकोच्या दारी राहणाऱ्या माणसाने दुसऱ्या तशाच माणसाला सांभाळून घ्यावं. मी उलट केलं. मला मिळालेला एकेक टोमणा मी जपून ठेवला होता, ते सगळे त्याला दिले. तू ऐकायचीस आणि चुलीतली लाकडं आपटायचीस.

आता गेल्या महिन्यातलं सांगतो, कारण त्याच्यावाचून पुढचं सांगता येणार नाही. होडी उलटून मासळीचा एक व्यापारी बुडाला. आपल्यातला नव्हे, माचिंगाकडचा. किनाऱ्याचा म्होरक्या म्हणून येसाया मामाने लगेच सगळ्या होड्या, ट्यूबा, जाळी वाळूवर ओढायला लावली. ते तुला नवीन नाही. माणूस पाण्यात असेपर्यंत पाण्यातली मासळी खायची नाही, तो बाहेर निघेपर्यंत कुणी गळ टाकायचा नाही. पण या वेळी मी बसून सगळं बघत होतो, म्हणून लिहितोय. सहा दिवस किनारा बंद होता. "ना ओळखीचा, ना देखीचा, त्याच्यापायी आमच्या चुली बंद," असं पहिल्या दिवशी कुरकुरणारे दुसऱ्या दिवशी हातात हात धरून पाण्यात उतरले. एका रांगेत पन्नास-साठ माणसं, पायांनी चाचपडत, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. त्याची बायको आली, ती आपल्याकडेच उतरली. पाच दिवस तिने पाठ टेकली नाही. आई भरवायची तर तोंडातला घास तोंडातच. सहाव्या दिवशी तो पाणकणसांत सापडला. त्याला पुरलं, आणि ती बाई आईच्या चटईवर आडवी झाली ती दुपारपासून शेळ्या परत येईपर्यंत झोपली. कोंबड्या आत शिरायला लागल्या तर आई त्यांना फडक्याने हाकलत होती. मला म्हणाली, "झोपू दे. हिला आता कळलंय."

फालेसी, तुला सात वर्षांत अशी झोप लागली नाही, आणि ती न लागण्याचं कारण मी आहे.

त्या दिवशी म्वेरा सकाळपासूनच कुरकुरत होता. कुणी आत गेलं नव्हतं. त्या साली महिन्याभरात दोन माणसं बुडाली होती, किनारा दोनदा बंद पडला होता, लोक पाण्यातले कमळकंद उकडून खात होते. येसाया मामाने वडाखाली सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "यापुढे म्वेऱ्यात जो आत जाईल आणि किनारा बंद पाडेल, त्याच्या घरच्यांनी मला तोंड दाखवू नये." तरी मी गेलो. घरात काही नव्हतं, आणि वारा वाहू लागला की मांगूर वर येतो हे मला माहीत होतं. लास्टन नको म्हणत होता. मी म्हणालो, "राहा घरी. बायकोबरोबर मका निवड." तो चपला हातात घालून आला. मासे चांगले लागले. उन्हं डोक्यावर आली तेव्हा लाटा खांबाला धडकायला लागल्या आणि त्याने हाक दिली, "बाबा, निघू या, आता बास." मी ओरडलो, "डोंगराकडच्यांना थंडी वाजली वाटतं!" तो थांबला. माझ्या त्या एका वाक्यासाठी थांबला. पुढचा मांगूर त्याने वर घेतला, तो मोठा होता, हाताएवढा. काटा मोडायच्या आत तो उसळला. मला आवाज ऐकू आला नाही, फक्त ट्यूबची एक बाजू बसलेली दिसली. लास्टन म्हणाला, "बाबा, हवा जातेय!" आमच्यात हाकेचं अंतर होतं. मी चपला मारल्या, पण वारा समोरून होता, मी एक हात पुढे गेलो की दोन हात मागे यायचो. आणि मी ओरडलो, "पाय टेक! पाणी छातीएवढंच आहे, उभा राहा!"

मीच शिकवलेलं मीच मोडलं. माझ्या खांबाखाली तिथे वाळू लागली होती, म्हणून मला वाटलं त्याच्याही असेल. त्याने ऐकलं. बसकणातून बाहेर आला आणि उभा राहिला. खरंच छातीएवढं पाणी होतं. त्याने माझ्याकडे बघून हात वर केला आणि हसला सुद्धा, पहिल्या दिवशी हसला होता तसा. मग त्याने पाय उचलायला बघितलं. पाणी खांद्याला आलं. त्याने मला हाक मारली नाही, तळाकडे बघत राहिला, काहीतरी हरवल्यासारखा. वारा तोवर पाणी आम्ही होतो त्या बाजूला लोटत होता, तुला माहीतच आहे, म्वेरा अख्खं सरोवर एका कडेला लोटतो. एक लाट गेली, दुसरी गेली. दुसरी गेल्यावर मला फक्त ट्यूब दिसली. मी खांब परत रोवून धरला होता, तो मोडला आणि वाऱ्याने मला मागे पाणकणसांत नेऊन टाकलं. मी ओरडत होतो. कुणाला ऐकू जाणार?

घरी आलो तेव्हा तू दारात होतीस. "लास्टन कुठे?" म्हणालीस. मी म्हणालो, "वाऱ्याने पलीकडे नेलं त्याला. येईल उद्या." पोरी, ते बोलताना मला ते अर्धं खरं वाटत होतं. वाटलं, चिखलातून सुटला असेल, पलीकडच्या काठाला लागला असेल. तू त्याच्यासाठी झाकून ठेवलंस. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं होतं, पण होड्या पाण्यात उतरत होत्या, पोरांच्या हातात मासे दिसत होते, आणि मामाचं ते बोलणं माझ्या कानात होतं. म्हटलं, मी सांगितलं की किनारा तिसऱ्यांदा बंद होणार, आणि विचारतील, आत कुणी नेलं? पाय टेक कुणी म्हटलं? मग या गावात मला कोण ठेवील? तिसऱ्या दिवशी पलीकडच्या बाजारातून येणारी ती मिठवाली म्हणाली, "तुमचा जावई तिकडे बघितला गं, पाठमोरा, एका बाईची टोपली धरून चालला होता." ती खोटं बोलली असं मी म्हणत नाही. पाठमोरे पुरुष सगळे सारखेच दिसतात. पण त्यानंतर मला काही बोलावंच लागलं नाही. गावाने बाकीचं आपणच रचलं. ती बाई कोण, तिला मुलं किती, सगळं. तू कुणाच्या नजरेला नजर देईनाशी झालीस आणि लिम्बेला गेलीस. मी तुझं गाठोडं बसपर्यंत नेलं आणि तरी बोललो नाही.

पाचव्या दिवशी मला त्याची ट्यूब सापडली होती. काटा तसाच रुतलेला होता. मी ती चिखलात पुरली. पुढे महिनाभर मी रोज त्या बाजूला जायचो. तुम्हाला वाटायचं, बाबा कष्ट करतोय. मी त्याला शोधत होतो. एकटा म्हातारा ट्यूबमध्ये बसून काय शोधणार? त्यासाठी सगळा किनारा हातात हात धरून उतरावा लागतो, आणि तो मी उतरू दिला नाही.

ती माचिंगाची बाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी येसाया मामाकडे गेलो. तो जाळं शिवत होता. मी सगळं सांगितलं, पाय टेक म्हटलं तेही सांगितलं. त्याने सुई थांबवली नाही. शिवता शिवता म्हणाला, "जावई, मी तेव्हा रागात बोललो होतो. तू मला तोंड दाखवलं असतंस तर मी काय केलं असतं? शिव्या दिल्या असत्या आणि होड्या ओढल्या असत्या." मग म्हणाला, "माझ्या भाचीला सात वर्षं बाजारात लोक हसले." एवढंच. मी तिथे उभा होतो, तो मला बसही म्हणाला नाही.

आईला सांगणं त्याहून अवघड गेलं. तिने ऐकून घेतलं. दोन दिवस माझं ताट दाराबाहेर ठेवायची. तिसऱ्या दिवशी मका कांडता कांडता मुसळ थांबवून म्हणाली, "मी रोज संध्याकाळी त्या पोराला शिव्या देत होते. मेलेल्या माणसाला. आणि तू शेजारी बसून ऐकत होतास."   तुझी माफी माग असं मला मामीने सांगितलं, पण मागायची कशी ते कळत नाही. मागितली की तुला द्यावी की नाही याचं ओझं होईल, आणि तुझ्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे.

मामाने ठरवलंय ते आता सांगतो, त्यासाठीच हे पत्र. लास्टनसाठी किनारा बंद होणार. सात वर्षांनी असा कधी झाला नव्हता, आणि आता सापडायला काही उरलं नसेल, तरी लोक हात धरून उतरणार, तीन दिवस. बारीक मासळी ऐन भरात आहे, म्हणून काहींनी कुरकुर केली, तेव्हा मामीच उठली आणि म्हणाली, "परक्यासाठी सहा दिवस बसलात, आपल्या चहाच्या पोत्यासाठी तीन बसता येत नाही?" मग ठरलं. पण इतक्या वर्षांनी किनारा बंद करायचा तर पाण्यावर नैवेद्याचं पहिलं पीठ त्याच्या बायकोच्या हातून पडायला हवं, त्याशिवाय होड्या ओढता येत नाहीत. ते पीठ टाकायला तू ये. चौथ्या दिवशी सुतक फेडायला तुझे केस उतरवतील आणि तू दुसरं घर करायला मोकळी होशील. त्यानंतर आमोनशी मामा स्वतः बोलणार आहे, त्याने तसं मला सांगायला सांगितलंय. लास्टनच्या आईला सांगायला मी येत्या गुरुवारी डोंगराकडे जातोय. तिनेही सात वर्षं मान खाली घातली, मुलगा बायको टाकून पळाला म्हणून. ती मला घरात घेईल की नाही माहीत नाही, पण तिला हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. हे सगळं आटोपलं की मी माझ्या बहिणीच्या गावी राहायला जायचं असं ठरलंय. त्याबद्दल तू काही बोलू नकोस, मामाशी भांडू नकोस, ते बरोबरच आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की तू टाकलेली नाहीस आणि तुला कुणाची वाट बघायची नाही. तो तुला सोडून गेला नव्हता, फालेसी. तो संध्याकाळी घरीच येणार होता. कंडक्टर शनिवारी लिम्बेहून परत फिरतो, त्याच्याजवळ नुसता दिवस सांगितलास तरी पुरे, चिठ्ठी लिहायला नको. मी दर शनिवारी काचुलूला बसपाशी उभा राहीन. रागावून सांग, मामाच्या नावाने सांग, माझं नाव घेऊ नकोस हवं तर. पण कोणत्या दिवशी येतेस ते लवकर कळव, लोक तुझ्यासाठी थांबलेत.

तुझाच म्हणवून घ्यायची तू मनाई करेपर्यंत तुझाच,

बाबा